पिवळ्या बाणाच्या मागे मागे

शनिवारची दुपार. बाहेर चक्क ऊन! इंग्लंडमध्ये एप्रिल महिन्यात ऊन पडलं, की अख्खं गाव अर्ध्या चड्डीत बाहेर येतं, मग भले थंडीने दात का वाजेनात. मी मात्र रेडिंगमधल्या आमच्या भाड्याच्या घरात वॉशिंग मशीनसमोर बसून कपडे निघायची वाट बघत होते. रूममेट सुट्टीवर पुण्याला गेलेली. फ्रीजमध्ये परवाचा राजमा. ऑनसाइटचं ग्लॅमर म्हणतात ते हेच, बरं का!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथे जाऊन मला सात महिने झाले होते. टीममधले सगळे जण वागायला एकदम छान. 'वीकेंड कसा गेला?' हे दर सोमवारी न चुकता विचारणार. पण 'घरी ये' असं सात महिन्यांत एकदाही कुणी म्हटलं नव्हतं. त्यात त्यांचा काही दोष नाही म्हणा, पद्धतच तशी. आपल्याकडे नवीन माणूस ऑफिसात आला की पंधरा दिवसांत कुणाच्या तरी आईच्या हातचे पोहे त्याच्या पुढ्यात येतात. तिथे घर म्हणजे पुढे बंद दार, खिडकीला पडदा आणि मागच्या बाजूला बाग. ती बाग रस्त्यावरून दिसतही नाही. इंग्लिश माणसाचं खरं घर ती मागची बाग असते, हे मला नंतर कळलं.

तर त्या दिवशी कंटाळून बस पकडली आणि थेम्सपलीकडच्या एका खेड्यात उतरले. चर्चच्या कोपऱ्यावर एक पिवळाधमक बोर्ड. 'आज बाग खुली', खाली बाण. बाणाच्या मागे गेले तर पुढच्या वळणावर आणखी एक बाण. असं करत करत एका घराच्या बाजूच्या लाकडी फाटकापाशी पोचले. तिथे घडीच्या टेबलाशी एक आजोबा पत्र्याचा डबा घेऊन बसलेले. पाच पौंड. हातावर शिक्का नाही, बॅग तपासणं नाही, 'कुठून आलात, कुणाला भेटायचंय' नाही. 'चहा उजवीकडे, तळं डावीकडे, पायरी निसरडी आहे' एवढंच.

खरं सांगू? आत पाऊल टाकताना मला चोरासारखं वाटत होतं. परक्या माणसाच्या परसात मी काय करतेय? दोरीवर त्यांचा टॉवेल वाळत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी घासायचा स्पंज दिसत होता. आणि आजूबाजूला माझ्यासारखीच वीस-पंचवीस परकी माणसं निवांत फिरत होती, वाकून झाडांच्या पाट्या वाचत होती, एकमेकांना गोगलगायींवरचे उपाय सांगत होती.

लॉनच्या एका कोपऱ्यातल्या गवतात छोटी, खाली मान घातलेली फुलं होती. पाकळ्यांवर जांभळे-पांढरे चौकोन, बुद्धिबळाचा पट छापल्यासारखे. मला वाटलं, कुणीतरी गंमत म्हणून रंगवलीत! शेजारच्या बाईंनी सांगितलं, हे 'स्नेक्स हेड फ्रिटिलरी', ऑक्सफर्डशरचं मानाचं फूल. फुलतं एप्रिलमध्ये, थोडेच दिवस. म्हणजे मी पुढच्या महिन्यात आले असते तर पाच पौंडांत फक्त गवत बघितलं असतं.

इथे मला आमच्या सोसायटीतले काका आठवले. पुण्यात पहाटे फिरायला निघालेल्या काकांच्या हातात एक पिशवी असते आणि वाटेतल्या प्रत्येक कंपाउंडवरून बाहेर डोकावणारी जास्वंद त्या पिशवीत जाते. देवाला लागतात, त्यामुळे चोरी नाही! शेजाऱ्याच्या बागेशी आपलं नातं एवढंच, कुंपणाबाहेरून. इथे मालक स्वतःच फाटक उघडून म्हणत होता, या, बघा. फक्त तोडू नका.

शिलिंग द्या, आत या

घरी येऊन शोधाशोध केली, तेव्हा कळलं की हा एका गावाचा हौशी कार्यक्रम नाही, चांगली शंभरीला टेकलेली योजना आहे. नाव 'नॅशनल गार्डन स्कीम'. पण तिची सुरुवात बागेतून नाही, आजाऱ्याच्या खोलीतून झाली.

लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन नावाचे एक व्यापारी होते. 1859 मध्ये त्यांची पत्नी मरणपंथाला लागली, तेव्हा त्यांनी घरी शुश्रूषेसाठी मेरी रॉबिन्सन नावाची नर्स ठेवली. पत्नी गेली. त्यांच्या मनात आलं, पैसा असूनही आपले एवढे हाल झाले, मग गरिबाच्या घरी काय होत असेल? त्यांनी त्याच नर्सला शहरातल्या गरीब वस्तीत घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करायला पाठवलं. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने हे काम वाढलं आणि त्यातून घरी येणाऱ्या 'डिस्ट्रिक्ट नर्स' तयार झाल्या. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून त्यांची संस्थाही उभी राहिली.

आता नर्स म्हणजे पगार आला, पैसे आले. ते आणायचे कुठून? या संस्थेच्या समितीवर एल्सी वॅग नावाच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, आपल्या देशात एवढ्या सुंदर बागा आहेत, पण त्या बघतात फक्त मालक आणि त्यांचे पाहुणे. एक शिलिंग घेऊन सगळ्यांना का आत सोडू नये? 1927 मध्ये 609 बागा उघडल्या आणि 8,191 पौंड जमले. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे किती माणसं फाटकातून गेली असतील याचा हिशेब करा! पंचम जॉर्जने आपल्या सँड्रिंगहॅमच्या बागेचं दार उघडलं, मग बाकीचे उमराव कशाला मागे राहतात? लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनीही 1938 मध्ये सिसिंगहर्स्टची आपली बाग एका शिलिंगला खुली केली. येणाऱ्यांना त्या लाडाने 'शिलिंगवाले'च म्हणायच्या.

1948 मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि डिस्ट्रिक्ट नर्सचा भार तिने उचलला. तरी बागा काही बंद झाल्या नाहीत. आज साडेतीन हजारांच्या आसपास बागा यात आहेत आणि दरवर्षी तीस लाख पौंडांहून जास्त रक्कम परिचारिकांच्या आणि आरोग्याच्या संस्थांना जाते. मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट, मेरी क्युरी, हॉस्पिसेस ही त्यातली मोठी नावं. स्कॉटलंडची अशीच योजना वेगळी, ती 1931 पासूनची.

बाग घ्यायची की नाही याचा त्यांचा एक जुना निकष मला फार आवडला. पाहुणा पंचेचाळीस मिनिटं रमला पाहिजे! आकाराची अट नाही. आपलीच बाग छोटी वाटत असेल, तर गल्लीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक तिकीट लावायचं.

त्या उन्हाळ्यात मी वेडीच झाले. वेबसाइटवर पोस्टकोड टाकायचा, रविवारी कुठली बाग उघडी आहे बघायचं आणि निघायचं. मे महिन्यात निळ्या ब्लूबेलच्या गालिचाची एक राई बघितली. घराच्या भिंतीवर द्राक्षांच्या घोसांसारखा लटकणारा विस्टेरिया बघितला. लंडनमध्ये एका चाळवजा घरांच्या रांगेत, रेल्वेच्या डब्याएवढ्या लांब-अरुंद परसात एका शिक्षकाने केळी आणि नेचे लावून जंगल उभं केलं होतं. केळी! थंडीत तिला तो गोणपाट गुंडाळून ठेवतो म्हणे, लेकराला स्वेटर घालावा तसा. एका गावात तर सगळं गावच खुलं होतं. एक तिकीट, हातात नकाशा, अकरा बागा. सातव्या बागेपर्यंत माझे पाय गेले होते, पण त्या सातव्या बागेत कॉफी-वॉलनट केक होता.

केकबद्दल एक स्वतंत्र लेख होईल. लेमन ड्रिझल, व्हिक्टोरिया स्पंज, स्कोन... सगळं शेजारणींनी घरी केलेलं. बागेपेक्षा चहाच्या टेबलाजवळ गर्दी जास्त असते आणि त्याची कुणाला लाजही वाटत नाही. चार वाजता गेलात तर फक्त चुरा उरतो, तेव्हा आधी केक, मग गुलाब. माझं ऐका.

आणि माझं स्पष्ट मत सांगते, मोठ्या हवेल्यांच्या बागा बघून मी कंटाळले. मैलभर कापलेली कुंपणं, कारंजं, पगारी माळी. छान असतं सगळं, पण बोलायला कुणी नसतं. छोट्या बागेत मालक स्वतः मातीने माखलेल्या नखांनी उभा असतो आणि यंदा टोमॅटो कसे वाया गेले ते पोटतिडकीने सांगतो.

रात्रीची बाई

जूनमध्ये अशाच एका छोट्या बागेत गेले. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, पाठीत थोड्या वाकलेल्या. एका म्हाताऱ्या सफरचंदाच्या झाडावर पांढऱ्या गुलाबाची वेल पार शेंड्यापर्यंत चढलेली. 'रॅम्बलिंग रेक्टर', म्हणजे भटका पाद्री, असं त्या गुलाबाचं नाव! पाऊस भुरभुरत होता, माणसं कमी होती. आजी छत्री घेऊन माझ्याबरोबर फिरल्या. तळं त्यांच्या नवऱ्याने खणलेलं. बाकही त्यांनीच केलेला.

मी सहज विचारलं, ''एवढा खटाटोप दरवर्षी कशासाठी करता?''

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. खालच्या मजल्यावरची, बागेकडे तोंड असलेली. नवऱ्याचा पलंग शेवटचे काही आठवडे तिथे होता. रात्री मेरी क्युरीची नर्स येऊन बसायची, सकाळी जायची. ''पैसे घेत नाहीत त्या,'' आजी म्हणाल्या. ''ती आली की मी झोपायचे. आधीचे कित्येक दिवस मी झोपलेच नव्हते.''

मी काही बोलू शकले नाही.

माझे बाबा साताऱ्याला घरीच गेले. कॅन्सर. शेवटचे दोन महिने आई 'ब्युरो'ला फोन करकरून दमली. रात्रीची बाई मिळायची, चार दिवसांनी दुसरी यायची, तिला काही माहीत नसायचं, मग परत पहिल्यापासून. इंजेक्शन द्यायला कोण येणार, याचा रोज संध्याकाळी प्रश्न. मी तेव्हा पुण्यात, रिलीजच्या गडबडीत, शुक्रवारी रात्रीची एसटी पकडून जायचे आणि रविवारी परत. आई म्हणायची, ''तू जा गं, आम्ही बघतो.'' ती झोपत होती का, हे मी एकदाही विचारलं नाही. आज लिहितानाही ते टोचतं.

हे सगळं मी त्या आजींना तुटक तुटक सांगितलं, पावसात, एका अनोळखी बाईला. ऑफिसात दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी मला जवळबिवळ घेतलं नाही, इंग्लिशच त्या. ''चल, चहा गार होतोय,'' म्हणाल्या, आणि माझ्या बशीत न विचारता दुसरा केक ठेवला. निघताना म्हणाल्या, ''पुढच्या वर्षी चहाच्या टेबलावर मदतीला माणूस लागेल. माझे गुडघे आता उभं राहू देत नाहीत.''

गेल्या जूनमध्ये मी गेले. आदल्या रात्री नानकटाई भाजली, चांगली चार ट्रे. आधी कुणी हात लावेना. मग एका आजोबांनी चाखली, आणि अर्ध्या तासात सगळी संपली. लोकांनी वेलदोड्याबद्दल एवढे प्रश्न विचारले, की शेवटी मी कागदावर रेसिपी लिहून टेबलाला चिकटवली.

तुम्ही कधी कामानिमित्त तिकडे असाल, तर एवढं ध्यानात ठेवा. हंगाम मुख्यतः एप्रिल ते सप्टेंबर, पण स्नोड्रॉप बघायचे तर फेब्रुवारीतही काही बागा उघडतात. तिकीट साधारण पाच-सहा पौंड, लहान मुलं बहुतेक ठिकाणी फुकट. सुटे पैसे ठेवा, रोपं विकायला असतात आणि ती दुकानापेक्षा स्वस्त मिळतात. बऱ्याच बागा वर्षातून एक-दोन दिवसच उघडतात, तेव्हा तारीख बघूनच जा. घरात शिरू नका. बाथरूम आहे का ते आधी विचारून घ्या, नसतं बऱ्याचदा! आणि कृपा करून फांदी तोडून पर्समध्ये टाकू नका, काकांची आठवण कितीही आली तरी.

त्या दिवशी साडेपाचला शेवटचा पाहुणा गेला. आम्ही खुर्च्या घडी करून ठेवल्या, पिवळा बोर्ड काढून आणला. मी निघायला लागले तर आजींनी मागचं दार उघडलं. ''आत ये. पैसे मोजायचेत, मला नीट दिसत नाही.''

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही डबा पालथा केला. मी नाण्यांच्या चवडी लावत गेले, त्या वहीत लिहीत गेल्या. सातशे बेचाळीस पौंड. मागच्या वर्षीपेक्षा साठ जास्त. त्यांनी दोनदा मोजायला लावलं, मग चष्मा काढून ठेवला आणि किटली चालू केली.