इंदूर सोडून मुलांसह गावात: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

इंदूरच्या मराठी घरांत हा विषय हल्ली बऱ्याचदा निघतो. शहर आता पुरे, सिमरोल, मानपूर किंवा देपालपूरकडे थोडी जमीन घेऊ, मुलं मातीत वाढतील. विचार चांगला आहे, मला तो मनापासून आवडतो. म्हणूनच तो ऐकीव माहितीवर उभा राहू नये असं वाटतं. त्यातली बरीच माहिती पुण्या-नाशकाच्या नातेवाइकांकडून आलेली असते आणि इथं ती लागूच होत नाही.

जमिनीचंच बघा. “आपण शेतकरी नाही, शेतजमीन घेताच येणार नाही,” असं सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते खरं आहे. तिथल्या 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन मिळत नाही. मध्य प्रदेशात 1959 ची भू-राजस्व संहिता चालते आणि तिच्यात अशी अट नाही. इथली मेख वेगळी आहे. संहितेचं कलम 165 आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकण्यावर बंधन घालतं. अधिसूचित भागात तर पूर्ण बंदी आहे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडे किंवा धारच्या आदिवासी पट्ट्यात कुणी स्वस्तात, दुसऱ्याच्या नावावर जमीन देऊ केली तर सरळ नाही म्हणा. व्यवहार फसेल हे एक, पण ज्यांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या लुबाडल्या गेल्या त्यांच्यासाठी हे कलम संरक्षण आहे, हे जास्त महत्त्वाचं. कागद बघताना सातबारा मागू नका. इथं खसरा, बी-1 खतौनी आणि नकाशा असतो. घर बांधायचं तर जमिनीचं डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती वापरात बदल, झालंय का, हे पटवाऱ्याकडे आधीच विचारा.

“सत्राच्या मध्ये गेलो तर शाळा घेणार नाही” ही भीती निराधार आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वयाच्या मुलाला सत्र सुरू झाल्यावरही प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी शाळेत बदली घेताना जुन्या शाळेनं टीसी द्यायला उशीर केला, तर त्या कारणावरून मुलाला दारात थांबवता येत नाही.

खरा प्रश्न प्रवेशानंतरचा आहे. गावची शाळा म्हणजे नुकसानच, असं एक टोक. दुसरं टोक म्हणजे गावात मुलं आपोआप शिकतात. 2024 च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीतल्या फक्त 44.8 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. तेव्हा काळजी खोटी नाही. पण ही देशाची सरासरी आहे, तुम्ही निवडलेल्या शाळेची नव्हे. तिथं जा, एका शिक्षकाकडे किती वर्ग आहेत ते पाहा, तिसरीच्या मुलांबरोबर थोडं वाचून बघा. गडचिरोलीतल्या हेमलकशाचं उदाहरण अनेकजण देतात. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 मध्ये तिथं गेले. त्यांची मुलं दिगंत आणि अनिकेत तिथल्या आश्रमशाळेत माडिया आदिवासी मुलांबरोबर शिकली, दिगंत पुढे डॉक्टर झाले. हे खरंच आहे. पण आईवडील दोघंही डॉक्टर होते आणि चोवीस तास त्याच आवारात होते, हेही त्याच उदाहरणात येतं. वडील रोज सकाळी इंदूरला ऑफिसला आणि आई गावात एकटी, अशी वाटणी असेल तर गणित बदलतं, आणि त्याचा भार बहुतेक वेळा आईवरच पडतो. आठवीनंतरचाही विचार हवा. गावातली कुटुंबंच मुलांना इंदूरमध्ये भंवरकुआँला खोली घेऊन ठेवतात, ते उगाच नाही.

सापांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. “साप शेतात असतात, घरात कुठले!” हे वाक्य जिवावर बेतू शकतं. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणून उठतं, मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येईनासं होतं. घरचे अपचन समजून ओवा देतात आणि वेळ जातो. भारतात सर्पदंशानं वर्षाला सुमारे 58,000 माणसं दगावतात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. उपाय साधे आहेत: खाट, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, रात्री टॉर्च. घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. हात किंवा पाय हलू न देता 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयांतून मोफत दिली जाते. जमीन पसंत करण्याआधी तिथून रात्री दोन वाजता कोणत्या रुग्णालयात ती मिळेल आणि व्हेंटिलेटर कुठं आहे, हे विचारून ठेवा.

हवा शुद्ध असते, हे वर्षभर खरं नाही. गहू निघाल्यावर शेतातली धसकटं, म्हणजे नरवाई, जाळतात तेव्हा एप्रिलात धूर घरात भरतो. दमेकरी मूल असेल तर त्या दिवसांत एकदा राहून बघाच. पाण्याचंही तसंच. इंदूरला 1978 पासून जलूदहून नर्मदेचं पाणी येतं, आसपासच्या बऱ्याच गावांचा भरवसा बोअरवर असतो. पाणी नितळ दिसलं म्हणजे पिण्याजोगं असतं असं नाही. नायट्रेट, फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाहीत. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

राहिली मराठी. मुलं शाळेत हिंदी आणि अंगणात माळवी बोलायला लागतील, त्यात वाईट काहीच नाही. शहरात मात्र गणेशोत्सव, नाटकं, शेजारच्या काकू या सगळ्यांमुळे मराठी कानावर पडत असते. गावात ते सगळं आई-बाबांवर येतं. आजी-आजोबा सुट्टीभर येऊन राहिले, रात्री पुस्तक मराठीतून वाचलं, तर भाषा टिकते. घरातही हिंदी सुरू झाली तर दोन-तीन वर्षांत मुलं मराठी समजून हिंदीत उत्तर द्यायला लागतात, आणि तिथून परत वळवणं फार अवघड जातं.