तीन दिवसांचा उंदीर आणि शिमोन साकागुची

करोनाच्या काळात आपल्याकडे प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांना नि गोळ्यांना ऊत आला होता. ही शक्ती जितकी जास्त तितकी बरी, असं आपण धरूनच चाललो. आमवाताच्या किंवा ल्युपसच्या रुग्णाला विचारा. तिथे कुंपणच शेत खातं: जंतूंशी लढणाऱ्या पेशी स्वतःच्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर तुटून पडतात. मग बाकीच्यांच्या शरीरात हे का घडत नाही? जपानच्या शिमोन साकागुची यांनी चार दशकांहून अधिक काळ याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला.

साकागुची यांचा जन्म १९५१चा, शिगा प्रांतातल्या नागाहामाचा. १९७६ साली क्योतो विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. पुढचं शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांनी नागोयातलं आइची कर्करोग संशोधन केंद्र गाठलं. कारण होता तिथल्या निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९मध्ये प्रसिद्ध केलेला एक चमत्कारिक प्रयोग. छातीतली थायमस ग्रंथी म्हणजे ‘टी पेशी’ या प्रतिकार करणाऱ्या पेशी तयार होण्याची जागा. जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या मादीची ही ग्रंथी काढली, की पुढे तिची अंडाशयं नष्ट होत. सातव्या दिवशी काढली तर काहीच होत नसे. टी पेशींचा कारखानाच बंद पाडल्यावर प्रतिकारशक्ती दुबळी व्हायला हवी; इथे तर ती पिसाळत होती.

साकागुची यांनी मग एक साधी गोष्ट केली. निरोगी प्रौढ उंदराच्या टी पेशी काढल्या आणि थायमस गमावलेल्या पिल्लांना टोचल्या. आजार टळला. म्हणजे टी पेशींत हल्लेखोरांबरोबर त्यांना आवरणाऱ्याही पेशी होत्या, आणि तिसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेने नेमक्या त्याच हुकत होत्या. हे १९८२ साली छापून आलं.

वेळ मात्र वाईट होती. ‘सप्रेसर’, म्हणजे आवर घालणाऱ्या, टी पेशींची कल्पना सत्तरच्या दशकात फार गाजली होती. पण त्यांची ओळख म्हणून सांगितलेला ‘आय-जे’ नावाचा जनुकीय भाग प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही, असं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उघड झालं आणि सगळा विषयच बदनाम झाला. विज्ञानातही लाटा असतात. लाट ओसरली की सुक्याबरोबर ओलंही जळतं. साकागुची तेव्हा अमेरिकेत गेले होते. जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड, स्क्रिप्स असा प्रवास झाला, विषय बदलला नाही. मार्की ट्रस्टच्या दीर्घ मुदतीच्या शिष्यवृत्तीचा आधार होता, हेही विसरून चालणार नाही. नुसत्या चिकाटीवर प्रयोगशाळा चालत नाही.

अडचण एकच होती: आवरणाऱ्या पेशी ओळखायच्या कशा? उत्तर १९९५मध्ये आलं. त्या निबंधावर सहसंशोधक म्हणून पत्नी नोरिको यांचंही नाव आहे. उंदराच्या सीडी-४ प्रकारच्या टी पेशींपैकी पाच-दहा टक्क्यांच्या पृष्ठभागावर सीडी-२५ हे प्रथिन असतं. एवढ्याच पेशी वेचून काढल्या आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या. थायरॉइड, जठर, स्वादुपिंड अशा अनेक अवयवांवर हल्ले झाले. वेचलेल्या पेशी वेळेत परत दिल्यावर ते थांबले. पुरावा यापेक्षा नेटका काय असतो?

तरी शंकेखोर होतेच. ती शंका अमेरिकेतल्या मेरी ब्रंको आणि फ्रेड राम्सडेल यांच्या कामाने मिटायला मदत झाली. खवलेदार कातडीच्या, अल्पायुषी ‘स्कर्फी’ उंदरांत फॉक्सपी-३ हे जनुक बिघडलेलं असतं, हे त्यांनी २००१मध्ये दाखवलं. हेच जनुक बिघडलं, तर तान्ह्या मुलग्यांना आयपेक्स हा जीवघेणा विकार होतो. २००३ साली साकागुची यांच्या गटाने हे जनुक साध्या टी पेशींत घातलं, तर त्या आवर घालणाऱ्या झाल्या. त्याच वर्षी अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या गटानेही फॉक्सपी-३चं हेच महत्त्व सिद्ध केलं. २०१७च्या क्राफूर्ड पुरस्कारात ते साकागुची आणि राम्सडेल यांच्यासोबत होते. साकागुची, ब्रंको आणि राम्सडेल यांना मिळालेल्या २०२५च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये मात्र ते नाहीत. तिघांचीच मर्यादा इथे अन्यायाची ठरली, असं मला वाटतं.

आवर घालणाऱ्या या पेशी वाढवून आजार आवरायच्या, आणि कर्करोगात उलट त्यांनाच हटवायच्या चाचण्या आता माणसांवर चालू आहेत. हे उपचार घरोघर पोहोचायला वेळ आहे. तोवर आमवात वा ल्युपसची औषधं घेणाऱ्यांनी ‘इम्युनिटी बूस्टर’च्या जाहिरातीला भुलून ती मनाने बंद करू नयेत, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.