नागभीडचं इंजिन, नऊ मिलिमीटर रुळावर

नागपूर–नागभीड ही 1908 सालची छोटी लाइन नोव्हेंबर 2019मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली आणि चंद्रपूर जिल्ह्यातली नॅरोगेज संपली. नागभीडहून वडशाकडे आणि चांदा फोर्टकडे जाणारे छोटे रूळ त्याआधीच निघाले होते. आज ही इंजिनं पाहायची तर नागपूरच्या मोतीबागेतलं, 2002 साली उघडलेलं नॅरोगेज संग्रहालय गाठावं लागतं. नाहीतर घरच्या टेबलावर बनवावी लागतात.

रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. 1:87 प्रमाणाच्या मॉडेलसाठी त्याला 87ने भागलं की 8.76 येतात. मॉडेल रेल्वेच्या 'एन' गेजचे तयार रूळ 9 मिलिमीटरचे असल्यामुळे त्या गेजची मोटर आणि चाकं आयती मिळतात, वरचा सांगाडा तेवढा कीटचा. 1:87 हेच 'एचओ'चं प्रमाण. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी 1998 साली उघडलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात ते पाहता येतं.

अडचण कीटची आहे. बाजारात बहुतेक नॅरोगेज कीट वेल्स-इंग्लंडच्या गाड्यांचे. त्यातही एक गंमत: इंग्लंडमधल्या लीक–मॅनिफोल्ड लाइनचं इंजिन आपल्या बार्शी लाइटचं जवळचं नातलग. दोन्हींचा कर्ता इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्या इंजिनाच्या कपाळावरचा मोठा दिवा स्टॅफर्डशायरपेक्षा बार्शीलाच शोभला असता. चांद्याकडचं इंजिन करायचं तर फोटोंवरून कॅब, कोळशाचा टेंडर बदलणं आलंच.

ओतीव मऊ धातूचे भाग डाग देताना बेताने घ्यावेत. त्यांच्यासाठी 70 अंशांना वितळणारं कथील मिळतं. पितळेला चालणारी तापलेली कावी लावली, तर धुराड्याचा थेंब होतो. पितळी पत्र्याच्या घड्या कोरलेल्या रेघेवर, एकाच दमात घालाव्यात. दुसऱ्यांदा वाकवला की पत्रा तुटतो.

माझ्या मते खरी परीक्षा रंगाची. आधी भांड्याच्या साबणाने धुऊन तेलकटपणा काढायचा, मग प्रायमर, मग पातळ हात. चंद्रपूरच्या मे महिन्यात एअरब्रशने मारलेला रंग हवेतच वाळतो आणि बॉडीवर सॅंडपेपरसारखा बसतो. पावसाळ्यात लॅकर पांढरट पडतं. त्यामुळे दिवाळी ते होळी हा आपला हंगाम. निव्वळ काळा रंग एवढ्याशा इंजिनावर सगळे बारकावे गिळतो, म्हणून त्यात थोडा करडा मिसळावा. शेवटी चाकांच्या आसपास तांबूस धूळ, धुराड्यापाशी काजळी आणि तेलाचा एखादा ओघळ. इथे हात आवरता यायला हवा. बहुतेक चांगली मॉडेलं जास्तीच्या गंजाने बिघडतात.

कुणाच्या घरी वडसा, नागभीड किंवा चांदा फोर्टला उभ्या इंजिनाचा जुना फोटो असेल, तर तो स्कॅन करून ठेवा. बाजूने, समोरून घेतलेला असेल तर उत्तम. कीटमध्ये नसलेली मापं त्यातूनच निघतात.