इंजिनाचा फेरफार

मोर्णेच्या पश्चिम तीरावर, असदगडाच्या अंगाला वसलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरात एखादी थकलेली अ‍ॅम्बॅसडर मिस्त्र्यापुढे उभी राहिली, की मालकाच्या मनात दुसऱ्या सालच्या गाडीचे इंजिन आणून बसविण्याचा विचार येतो. आणि गाडीची बाह्याकृती अर्धशतकाहून अधिक काळ जवळजवळ तीच राहिल्यामुळे, अंतरंगही तेच असणार असे तो गृहीत धरतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. १९५७ ते २०१४ या काळात उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीला आरंभी १४७६ घनसेंटीमीटरचे, कडेला झडपा असलेले इंजिन होते. १९५९ मध्ये माथ्यावर झडपा असलेले १४८९ घनसेंटीमीटरचे बी.एम.सी. इंजिन आले, कालांतराने त्याच घराण्यातले डिझेल इंजिन आले, आणि १९९२ च्या सुमारास इसुझूचे १८१७ घनसेंटीमीटरचे पेट्रोल इंजिन पाच गिअरांसह दाखल झाले.

बी.एम.सी. पेट्रोल काढून त्याच घराण्यातले डिझेल बसवावयाचे, तर मूळ ठोकळ्याची ठेवण पुष्कळशी जुळते; परंतु कार्ब्युरेटर आणि ठिणगीचे प्लग जाऊन त्यांच्या जागी पंप, नोझल आणि हीटर प्लग येतात, उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणारी नळी टाकावी लागते, आणि दाब अधिक असल्याने सेल्फ व बॅटरीही जोरकस लागतात. इसुझूच्या बाबतीत तर फाउंडेशनपासून प्रोपेलर शाफ्टच्या लांबीपर्यंत सारेच नव्याने मोजावे लागते. इंजिन उचलून ठेवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग, असे म्हटले तरी चालेल! ज्या गाड्यांत इंधनाचे माप संगणकच ठरवितो, त्यांत वायरिंग आणि सेन्सरही त्याच सालचे आणावे लागतात.

लोखंड जुळले तरी दफ्तर जुळायचे राहते. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात दर्ज असतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनात बदल करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. म्हणून जुने इंजिन घेण्यापूर्वी विक्रेत्याची पावती आणि मूळ गाडीचे कागद पाहावेत, आणि परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी घ्यावी. चोरीच्या मालाचा संशय आणि विम्याची नामंजुरी या दोन्ही आपत्ती त्या क्रमांकातूनच उद्भवतात.

माझे मत विचाराल, तर ठोकळा फुटलेला नसेल तोवर बोअर करून, क्रँक घासून, मूळ इंजिनच उभे करावे: खर्च कदाचित तेवढाच येईल, पण क्रमांक कायम राहील आणि परिवहन कार्यालयात अर्ज करण्याचे कारण पडणार नाही.