सौरसंचांचा जोडारी

गच्चीवर निळ्याकाळ्या तावदानांची एक रांग बसविली की विजेच्या बिलाचा भार हलका होतो, ही वार्ता आता खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहे. परंतु ती तावदाने वर चढवितो कोण, हे काम तो शिकतो कोठे आणि त्यावर त्याचा प्रपंच कसा चालतो, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांवर सौरसंच बसविण्याची ‘पीएम सूर्यघर’ योजना ७५,०२१ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर केली आणि तीन किलोवॉटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांचे अनुदान देऊ केले. अनुदान दिल्लीहून खात्यात जमा होईल. छपरावर चढणारा मनुष्य मात्र जवळपासच मिळावा लागतो.

तीन किलोवॉटच्या संचास सावली न पडणारी सुमारे तीनशे चौरस फूट जागा लागते. लोखंडी सांगाडा वाऱ्यात टिकेल असा रोवणे, पंचवीस-तीस किलोचे एकेक तावदान दक्षिणाभिमुख बसविणे, ही अंगमेहनत कोणताही धडधाकट तरुण अल्पावधीत शिकतो. खरे कसब तारेत आहे. सहा तावदाने एकसर जोडली की टोकांवर तीनशे व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो, आणि ऊन आहे तोवर तो बंद करण्याची सोय तावदानात नसते. घरातला प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने ठिणगी पडली तरी विझण्यास तिला अवसर मिळतो. तावदानांतला एकदिश प्रवाह मात्र शून्यावर येतच नाही. म्हणून तारेचे आवरण नेमके सोलून, तिच्यावर धातूची पिन खास पकडीने दाबून, कनेक्टर ‘कट्’ असा बसेपर्यंत सरकविणे, या दोन मिनिटांच्या कामात जो आळस करतो, त्याचा सैल जोड पुढे उन्हाळाभर तापत राहतो आणि एखाद्या दुपारी जळतो.

या कामासाठी ‘सूर्यमित्र’ नावाचा अभ्यासक्रम २०१५ पासून गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या विद्यमाने चालविला गेला असून, आयटीआयच्या वीजतंत्री वा तारतंत्री झालेल्या मुलांना त्यात सुमारे तीन महिन्यांचे शिक्षण देण्याचा शिरस्ता होता. असा दाखला दार उघडून देतो, यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये, असे माझे मत आहे. कारण वीजसंच मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे, असा नियम आहे, आणि ज्याने तारतंत्र्याचा परवाना मिळविला नाही, तो दहा वर्षांनीही हाताखालचा गडीच राहण्याचा संभव फार. मोठ्या कंपन्या काम घेतात, ते खालच्या ठेकेदारास देतात, तो किलोवॉटमागे दर ठरवून तरुणांकडून करवून घेतो. या उतरंडीत मेहनताना घटतो आणि घाई वाढते, आणि कमरेचा सुरक्षापट्टा तर बहुधा गाडीतच राहतो. परवाना हाती असलेल्यास निदान दर नाकारण्याची मुभा असते.

शहरांतल्या गच्च्यांहून अधिक आणि अधिक काळ टिकणारे काम शेतशिवारात आहे, याकडे तरुणांनी विशेष लक्ष द्यावे. २०१९ च्या कुसुम योजनेपासून आणि पुढे राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून, दहा टक्के (अनुसूचित जाती-जमातींस पाच टक्के) रक्कम भरलेल्या शेतकऱ्यांच्या बांधावर सौरपंप उभे राहिले आहेत. या पंपांना पुरवठादाराची पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. तावदाने पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बनविलेली असतात. तावदानांची वीज पंपाला जुळवून देणारा कंट्रोलर आणि पंप तितके दिवस निभावतील, हे संभवत नाही. हमीची मुदत सरली की तक्रार तालुक्याच्या गावी येणार. तेथे मोटारी रिवाइंडिंग करणारी जुनी दुकाने आहेत. त्यांच्या मालकांना मोटार पाठ आहे, कंट्रोलर मात्र नवखा. जवळच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाने नोकरीच्या जाहिराती चाळण्याआधी अशा एखाद्या दुकानात वर्षभर उमेदवारी करावी, आणि मालकाकडून पंप शिकता शिकता त्याला कंट्रोलर शिकवावा. भागीदारीचा प्रस्ताव मालकच पुढे करील.