मुदतीचा दर संपतो तेव्हां

मुदत हा शब्द शेतकऱ्यास नवा नाहीं. खंडानें घेतलेल्या जमिनीची मुदत, सोसायटीच्या पीककर्जाची मुदत, सामाईक विहिरीवरील पाण्याची पाळी, या सर्वांचा अनुभव त्यास पिढ्यान्‌पिढ्या आहे. आणि मुदत संपण्याच्या दिवशीं जो बेसावध राहतो त्याचेंच बहुधा नुकसान होतें, हेंही तो जाणून आहे. हाच न्याय ब्रिटनमध्यें घरगुती विजेच्या व गॅसच्या बाबतींत कसा लागू पडतो, याचा विचार आम्हीं आज आमच्या वाचकांपुढें मांडणार आहों. आपल्यापैकीं कित्येकांचे मुलगे, सुना, लेकी व जांवई शिक्षणासाठीं अथवा नोकरीनिमित्त त्या देशीं राहतात. त्यांस तर या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग होईलच. परंतु ज्यांचा त्या देशाशीं कांहीं संबंध नाहीं त्यांसही यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

तिकडील व्यवस्था

महाराष्ट्रांत विजेचा दर राज्याचा नियामक आयोग ठरवितो, आणि मुंबईसारखा अपवाद सोडल्यास घरगुती ग्राहकास वीज कोणाकडून घ्यावी याची निवड नसते. ब्रिटनमध्यें तसें नाहीं. तेथील विजेचा धंदा इ. स. १९४८ मध्यें व गॅसचा धंदा इ. स. १९४९ मध्यें सरकारच्या मालकीचा झाला होता. पुढें इ. स. १९८६ मध्यें गॅसचा आणि इ. स. १९९० नंतर विजेचा धंदा खासगी भागधारकांच्या हातीं गेला, व इ. स. १९९९ च्या मध्यापर्यंत तेथील प्रत्येक कुटुंबास आपला विक्रेता आपण निवडण्याची मोकळीक मिळाली. विक्रेता बदलला म्हणजे घरापर्यंत आलेली तार किंवा नळ बदलत नाहीं. मीटरही बहुधा तोच राहतो. बदलतो तो केवळ बिल पाठविणारा, आणि बिलांतील दर.

त्या देशाची थंडी लक्षांत घेतल्यावांचून या विषयाचें महत्त्व कळणार नाहीं. तेथील बहुतेक घरें गॅसवर ऊब धरतात. ऑफजेम या नांवाच्या तेथील नियामक संस्थेनें इ. स. २०२३ मध्यें हिशेबासाठीं जें मध्यम प्रतीचें घर धरलें, तें वर्षांत २,७०० युनिट वीज व ११,५०० युनिट गॅस वापरणारें होतें. म्हणजे गॅसचा खप विजेच्या चौपटीहून अधिक, आणि तोही मुख्यतः हिवाळ्याच्या चार-पांच महिन्यांत. आपल्याकडे पावसाळा तोंडावर आला म्हणजे जशी छपराची काळजी, तशी तेथें हिवाळ्याआधीं या बिलाची काळजी.

मुदतबंद दर व चालू दर

विक्रेत्याशीं करार दोन प्रकारांनीं होतो. पहिला मुदतबंद दराचा. यांत एक किंवा दोन वर्षेंपर्यंत दर युनिटाचा भाव आणि रोजचा स्थिर आकार हे दोन्ही ठरलेले असतात. बाजार चढो वा उतरो, ते हलत नाहींत. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, जें ठरतें तें युनिटाचा भाव, बिलाची रक्कम नव्हे. अधिक जाळलें तर अधिक द्यावें लागतेंच. दुसरा प्रकार चालू दराचा; त्याचा भाव विक्रेता वेळोवेळीं बदलूं शकतो.

मुदतबंद दर देणें विक्रेत्यास कसें परवडतें? ज्या दिवशीं तो असा भाव देऊं करतो, त्याच सुमारास पुढील वर्षाकरितां लागणारी वीज व गॅस तो घाऊक बाजारांत आगाऊ खरेदी करून ठेवतो. जोखमीची किंमत त्या भावांत मिळविलेली असते. गुऱ्हाळवाला हंगामापूर्वींच उसाचा भाव बोलून ठेवतो तेव्हां दोघांसही निश्चिंती मिळते, आणि त्या निश्चिंतीचें मोल कोणीतरी भरतो. त्यांतलाच हा प्रकार. ग्राहक मध्येंच सोडून गेला तर आगाऊ घेतलेला माल विक्रेत्याच्या अंगावर पडतो. म्हणूनच पुष्कळ करारांत मुदतीआधीं सोडून जाणाऱ्यास कांहीं ठराविक रक्कम भरावी लागते.

मुदत संपतांना काय घडतें

मुदत संपण्यापूर्वीं ४९ ते ४२ दिवसांच्या दरम्यान विक्रेत्यानें ग्राहकास लेखी सूचना द्यावी असा तेथील नियम आहे. मुदत केव्हां संपते, त्यानंतर कोणता दर लागेल, आणि नव्या दरानें वर्षाचा अंदाजी खर्च किती होईल, हें त्या पत्रांत सांगितलेलें असतें. शेवटच्या ४९ दिवसांत जो दुसरीकडे जातो त्याजकडून सोडचिठ्ठीची रक्कम घेतां येत नाहीं. म्हणजे हे सात आठवडे हीच ग्राहकाची मोकळीक होय.

त्या पत्रास उत्तर न दिल्यास काय होतें? वीज तुटत नाहीं, गॅस बंद होत नाहीं, कोणी दारीं येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं दिवा पूर्वींसारखाच लागतो. मात्र ग्राहक आपोआप, बहुतेक वेळां, त्याच विक्रेत्याच्या चालू दरावर जातो. ही गोष्ट इतकी निःशब्द होते कीं, पुष्कळांस ती महिना-दोन महिन्यांनीं बिल पाहून कळते. पुष्कळ कुटुंबें दरमहा सारखा हप्ता बँकेतून परस्पर भरतात. दर वाढला तरी हप्ता त्याच दिवशीं वाढेलच असें नाहीं. तेवढ्या काळांत खात्यावर बाकी सांचत जाते, आणि पुढें ती हप्त्यांत मिळवून मागितली जाते.

एका काल्पनिक उदाहरणानें फरक स्पष्ट होईल. वर सांगितल्याप्रमाणें मध्यम खप असलेल्या एका घरीं मुदतबंद भाव विजेस २२ पेन्स व गॅसास ५ पेन्स होता असें धरा. आणि मुदतीनंतरचा चालू भाव अनुक्रमें २६ व ६ पेन्स लागला. विजेवर युनिटामागें ४ पेन्स, म्हणजे २,७०० युनिटांस १०८ पौंड. गॅसवर युनिटामागें १ पेन्स, म्हणजे ११,५०० युनिटांस ११५ पौंड. वर्षाकांठीं एकूण २२३ पौंडांचा फरक पडला. एका पत्राकडे दुर्लक्ष केल्याची ही किंमत झाली. मुदत जर ऐन ऑक्टोबरांत संपत असेल, तर गॅसवरील फरकाचा बहुतेक भार पुढच्याच हिवाळ्यांत येऊन पडतो.

उदासीनतेचें मोल व कमालमर्यादा

असें घडणारीं कुटुंबें थोडीं नव्हतीं. ब्रिटनमधील स्पर्धा व बाजार प्राधिकरणानें या धंद्याची दीर्घ चौकशी करून इ. स. २०१६ मध्यें आपला निर्णय प्रसिद्ध केला. सहा मोठ्या विक्रेत्यांच्या घरगुती ग्राहकांपैकीं सुमारें शेंकडा ७० ग्राहक चालू दरावरच राहिलेले त्यांस आढळले. आणि खऱ्या स्पर्धेंत द्यावें लागलें असतें त्याहून वर्षास सरासरी १४० कोटी पौंड अधिक ग्राहकांनीं भरले, असा त्यांचा हिशेब निघाला. निवड करण्याची मोकळीक दिली म्हणजे प्रत्येक जण निवड करतोच, हा समज त्या चौकशीनें खोटा ठरविला. म्हातारीं माणसें, कामाच्या ओझ्यानें वाकलेलीं माणसें, इंग्रजी पत्र वाचावयास बिचकणारीं माणसें, हीं जेथल्या तेथें राहतात. आणि नवें गिऱ्हाईक ओढण्यासाठीं दिलेल्या स्वस्त दराची भर जुन्या गिऱ्हाइकाच्या खिशांतून निघते.

यावर उपाय म्हणून इ. स. २०१८ मध्यें तेथील पार्लमेंटानें कायदा केला, आणि १ जानेवारी २०१९ पासून चालू दरास कमालमर्यादा लागू झाली. ही मर्यादा युनिटाच्या भावास व रोजच्या स्थिर आकारास आहे; एकूण बिलास नाहीं. वर्तमानपत्रांत येणारा आंकडा मध्यम खपाच्या घराचा असतो. त्याहून अधिक जाळणाऱ्यास अधिकच द्यावें लागतें. प्रथम ती वर्षास १,१३७ पौंड होती व सहा महिन्यांनीं बदलत असे, इ. स. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ती दर तीन महिन्यांनीं ठरूं लागली. जुलै २०२४ मध्यें ती १,५६८ पौंड, एप्रिल २०२५ मध्यें १,८४९ पौंड, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें १,७५५ पौंड होती. ज्याची मुदत संपली व ज्यानें कांहीं केलें नाहीं, त्याचा भाव या लाटेबरोबर खालीं-वर होत राहतो.

बाजार फिरला त्या वर्षाचा धडा

मुदतबंद दरच नेहमीं स्वस्त, असें मात्र कोणीं समजूं नये. इ. स. २०२१ च्या उत्तरार्धांत घाऊक गॅसचे भाव भडकले. स्वस्त भाव बोलून बसलेले, पण पुरेसा माल आगाऊ न घेतलेले पंचवीसांहून अधिक विक्रेते बुडाले. त्यांच्या ग्राहकांचे मुदतबंद करार मुदतीआधींच संपले. नियामक संस्थेनें त्यांस दुसऱ्या विक्रेत्यांकडे सोंपविलें, त्यांची खात्यावरील शिल्लक सुरक्षित राहिली, पण जुना भाव गेला तो गेलाच. यावरून हें दिसतें कीं, भावाची हमी ही देणाऱ्याच्या ऐपतीइतकीच पक्की असते.

पुढें फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि भाव आणखी चढले. कमालमर्यादा एप्रिल २०२२ मध्यें १,९७१ पौंड झाली; ऑक्टोबरकरितां ३,५४९ पौंडांचा आंकडा जाहीर झाला. तेव्हां सरकारनें मध्यें पडून मध्यम घराचें वर्षाचें बिल सुमारें २,५०० पौंडांवर राहील अशा रीतीनें भाव बांधून दिले, व वरचा फरक तिजोरींतून भरला. त्या वर्षीं ज्यांची मुदत संपली त्यांस नवा मुदतबंद भाव चालू दराहून महाग पडत होता. अशा वेळीं कांहीं न करतां चालू दरावर राहणें हेंच शहाणपणाचें होतें. सारांश, मुदत संपतांना तुलना करणें हा कायमचा नियम. तुलनेचें उत्तर मात्र दर वर्षीं निराळें.

काय करावें

विलायतेंत राहणाऱ्या आपल्या माणसांस आम्ही इतकेंच सुचवूं. मुदत संपण्याची तारीख बिलावरून पाहून घरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवावी, व तिच्यामागें सात आठवड्यांवर एक खूण करावी. सूचनापत्र आल्यावर मासिक हप्त्याकडे न पाहतां चार गोष्टी पाहाव्या : विजेच्या युनिटाचा भाव, गॅसच्या युनिटाचा भाव, रोजचा स्थिर आकार, आणि मध्येंच सोडल्यास भरावी लागणारी रक्कम. आपल्या घरचा मागील वर्षाचा खप युनिटांत मांडून त्यावर दोन-तीन विक्रेत्यांचे भाव लावून पाहावे. बदल ठरला तर बदलाच्या दिवशीं मीटरचा आंकडा टिपून ठेवावा, म्हणजे जुन्या व नव्या बिलांत तंटा राहणार नाहीं. नवा करार केल्यावर मन फिरलें, तर १४ दिवसांच्या आंत तो रद्द करतां येतो.

तेथील शेतकऱ्याची अडचण याहून निराळी आहे. त्याच्या राहत्या घरास कमालमर्यादेचा आसरा असतो. परंतु गोठा, दूध थंड करण्याचें यंत्र, धान्य वाळविण्याचें यंत्र, यांची वीज धंद्याच्या कराराखालीं येते, आणि त्या करारास ही मर्यादा नाहीं. खेड्यांतील ज्या घरांपर्यंत गॅसचा नळ पोंचलेला नाहीं व जीं तेल जाळून ऊब घेतात, त्यांच्या तेलाच्या भावासही ती लागू नाहीं. उत्तर आयर्लंडची व्यवस्था तर सर्वस्वीं वेगळी आहे. म्हणून शेतीच्या कराराची तारीख घरच्या तारखेहून अधिक जपून पाहावी लागते.

आपल्यापुरतें

आपल्याकडे विक्रेत्याची निवड नसली तरी मुदतीच्या सवलती आहेत. महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०२४ मध्यें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली, तिचा काळ एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ असा पांच वर्षांचा ठरविण्यांत आला. बिल शून्य आलें म्हणजे वीज फुकट झाली असें नव्हे. तिची किंमत सरकार वीज कंपनीस भरतें. मुदतीनंतर सवलत वाढेल कीं नाहीं हें आज कोणी छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं. म्हणून या वर्षांत पंपाचा खप किती, ठिबकानें तो किती उतरतो, आणि पुरा दर भरावा लागला तर कोणतें पीक परवडेल, याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यानें आतांच मांडून ठेवावा. सवलतीचीं वर्षें हीं तयारीचीं वर्षें होत. तीं हातचीं असतांना हा हिशेब ज्याच्या वहींत लिहिलेला असेल, त्यास मुदतीच्या शेवटल्या दिवशीं धांवपळ करावी लागणार नाहीं.