पडद्यावरचं घर

सिनेमात नायिका रडली की आपल्याही डोळ्यांत पाणी येतं. श्रेय आपण तिच्या अभिनयाला देतो, गाण्याला देतो. पण तिच्या मागची भिंत, अर्धवट उघडी खिडकी, लांबलचक जिना यांनीही आपल्याला रडवलेलं असतं, हे सहसा लक्षात येत नाही. हे काम कलादिग्दर्शकाचं. नाटकात ज्याला आपण नेपथ्य म्हणतो, त्याचंच हे सिनेमातलं रूप. आणि गंमत म्हणजे, घरात बाईला किती जागा आहे, हे ती तोंड उघडण्याआधीच नेपथ्य सांगून टाकतं.

सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४) बघा. एकोणिसाव्या शतकातलं कोलकाता, श्रीमंत घर, जडशीळ लाकडी सामान, पुस्तकांनी भरलेली कपाटं. काही म्हणजे काही कमी नाही. नवरा मात्र आपल्या वर्तमानपत्रात बुडालेला. चारू छोटी दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जाते, झडपा किलकिल्या करून रस्त्यावरची माणसं बघते. तेवढ्यात नवरा पुस्तकात डोकं घालून शेजारून निघून जातो. ती तीच दुर्बीण पाठमोऱ्या नवऱ्यावर रोखते! संवाद जवळजवळ नाहीच, पण तिचं एकटेपण आपल्याला कळतं. हे घर बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारलं होतं.

याच जोडीच्या 'अपराजितो'त (१९५६) काशीतल्या घराचं अंगणही सेटच होतं. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्यावर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिव्यांचा झोत त्या कापडावर सोडला. उजेड परतून खाली आला तो अगदी वाड्याच्या चौकात उतरतो तसा, मऊ. म्हणूनच त्या घरात हरिहर जातो, तेव्हा आपल्या शेजारच्या खोलीत काही घडल्यासारखं मन हलतं.

आता अगदी वेगळं उदाहरण. संजय लीला भन्साळींचा 'देवदास' (२००२). याचे सेट आपल्या दापोलीच्या नितीन चंद्रकांत देसाई यांचे. या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. २०२३ मध्ये ते गेले, पण रंगीत काचांचं ते वैभव आजही डोळ्यांसमोर आहे. शेवट आठवतोय? पारो धावत सुटते, जिने उतरते, आणि हवेलीचा अवाढव्य दरवाजा तिच्यासमोर बंद होऊ लागतो. हवेली लहान असती तर तिचं धावणं एवढं जिव्हारी लागलं असतं का? इतक्या मोठ्या घरात तिला बाहेर पडायला एक दारही मोकळं नाही!

आणि भव्यता नसली तरी चालतं. जिओ बेबी यांच्या 'द ग्रेट इंडियन किचन' (२०२१) या मल्याळम सिनेमात आहे साधं स्वयंपाकघर. सिंकखालचा पाइप गळतोय. ती नवऱ्याला प्लंबर बोलवायला सांगते, तो विसरतो. पुन्हा सांगते, पुन्हा विसरतो. ते घाण पाणी भरायचं, ओतायचं, पुसायचं. दरवेळी आपल्या पोटात ढवळतं. तिचं मन तुंबलंय, हे कुणी बोलून दाखवावं लागत नाही.

तीन सिनेमांतल्या तीन बायका. दोघींची घरं ऐश्वर्याची, तिसरीचं चारचौघींसारखं. पण एवढ्या पसाऱ्यात 'ही माझी जागा' असं म्हणावं, असा कोपरा कुणालाच नाही. मालिकांमधले चकचकीत बंगले बघून 'आपलंही असं घर असतं तर' असं वाटणं साहजिक आहे. पण पुढच्या वेळी टीव्हीचा आवाज दोन मिनिटं बंद करा. ती कुठे उभी आहे, कुठे बसते, तिच्यासाठी कुठलं दार उघडं आहे, ते बघा. कथा आपोआप कळेल.

मग जमलंच तर आपल्याही घरावरून एक नजर फिरवा. सगळ्यांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात. तुमची कोणती?